जोमाचे आवतन

माघ लागला की नवीन पनवेलच्या रस्त्यांवरून वराती जाऊ लागतात. ट्रकवर रचलेल्या पेट्यांतून आवाज येतो, खिडकीची काच थरथरते, टेबलावरचा पाण्याचा पेला जागचा हलतो. गाणे कोणते ते तिसऱ्या मजल्यावर कळत नाही, फक्त ठोका कळतो. शेजारचे गृहस्थ पोलिसांना फोन करतात. दहा मिनिटे आवाज उतरतो, मग पुन्हा चढतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लग्नात आवाज हवाच. पण दर वर्षी हा ठोका सुरू झाला की मला एक बिनवाजंत्रीचा माघ आठवतो, आणि मी खिडकी लावून घेतो.

तो माघ बासष्ट सालच्या लढाईनंतरचा.

मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकाचा पनवेलचा वार्ताहर होतो. भाताचे भाव, बंदरातल्या होड्या, कोर्टातले निकाल, खाडीचा बांध फुटल्याच्या बातम्या असे काम. मजकूर पाकिटात घालून दुपारच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचा, तो मुंबईला पोचवायचा. चीनने हल्ला केला आणि या कामात एका गोष्टीची भर पडली: गाणी. त्या दिवाळीत पनवेल गात होते. सकाळी शाळांच्या प्रभातफेऱ्या वडाळे तळ्याला वळसा घालून जात. हातगाडीवर पेटी बांधलेली असे, एक मास्तर चालता चालता ती वाजवत आणि मुले हिमालयाबद्दल गात. त्यांतल्या बहुतेकांनी माथेरानपेक्षा उंच काही पाहिलेले नव्हते. प्रत्येक सभेत भाषणाआधी एक गाणे आणि भाषणानंतर एक गाणे. "स्फूर्तिदायक गीते गाण्यात आली" हे वाक्य मी त्या दोन महिन्यांत इतक्या वेळा लिहिले की छापखान्यातल्या माणसाने ते जुळवूनच ठेवले असावे.

ती गाणी खोटी नव्हती. गाणाऱ्यांचे गळे खरोखर भरून येत. पण सगळ्या गाण्यांत एक 'जा' होता: जा, लढ, परत फिरू नकोस. हा 'जा' ज्याला म्हटला जात होता तो सभेत कधीच नसे. तो आधीच गेलेला असे, आणि तिकडे तो वेगळी गाणी गात असे. हे मला कळले ते जोमाच्या पत्रांतून.

जोमा हा नागूबाईचा मुलगा. उलव्याच्या खाडीकडच्या एका पाड्यात त्यांचे घर होते. आता त्या बाजूला इमारती आणि विमानतळ आहे. तेव्हा भाताची खाचरे, मिठागरे आणि बांधावरून जाणारी पाऊलवाट होती. जोमा चौथीपर्यंत शिकला, मिठागरावर राबला आणि एकोणिसाव्या वर्षी पलटणीत भरती झाला. त्याच्या पाठची बहीण तारा. बाप खाडीत होडी उलटून गेलेला. त्या घरात तिघेच.

जोमाची पत्रे पनवेलला युसूफभाईंच्या पत्त्यावर येत. युसूफभाईंचे बाजारात सायकलींचे दुकान होते. फळीवर रेडिओ होता आणि दुकानापुढे दोन बाके होती. नागूबाई बाजाराच्या दिवशी सुकटीची पाटी डोक्यावर घेऊन येई, पाटी रिकामी झाली की दुकानाच्या पायरीवर बसे आणि मी तिला पत्र वाचून दाखवी. युसूफभाईंना वाचता येत होते, पण ते म्हणत, "माझ्या वाचण्यात रडणं येतं, पेपरवाल्यांच्या वाचण्यात येत नाही. त्यांच्याकडूनच ऐक."

पत्रांत लढाई नसे. बिगूल असे. पहाटे उठवणारा बिगूल, जेवणाचा बिगूल, दिवे मालवण्याचा बिगूल. जोमाने लिहिले होते की पलटणीत प्रत्येकाने बिगुलाच्या सुरांवर आपापल्या भाषेतले शब्द बसवले आहेत, त्याशिवाय कुठला बिगूल कशाचा ते नव्या पोराच्या लक्षात राहत नाही. त्याने जेवणाच्या बिगुलावर बसवलेले शब्द आईच्या गाण्यातले होते: वऱ्हाडी पंगतीला बोलावतात ते. संध्याकाळी ढोलकी निघे. थंडीने ती मुकी होई, शेकोटीजवळ धरली तरच बोले. मग एकेकाला गायला उभे करत. "इथे देवाची गाणी दोन दिवस पुरतात," त्याने लिहिले होते, "आणि शूरपणाची एक दिवस. नंतर जो तो लग्नाचे गाणे म्हणतो. शीख पण तेच म्हणतो आणि आमचा साताऱ्याचा हवालदार पण तेच." हे वाचून युसूफभाई हसले होते. नागूबाई हसली नव्हती. तिने विचारले, तो तिकडे धवला म्हणतो का? मी पत्र पुन्हा पाहिले. तसेच लिहिले होते.

धवला म्हणजे इकडच्या गावांतले लग्न लावायचे गाणे. भटजी येवो न येवो, धवलारीण आल्याशिवाय मांडवात काही हलत नसे. तिने ओळ म्हणायची, मागे बसलेल्या बायकांनी ती उचलायची. तांदूळ दळण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक कामाची ओळ ठरलेली. नागूबाई आसपासच्या गावांची धवलारीण होती. नवरा गेल्यावर मुलाला घरी ठेवायला कोणी नव्हते, म्हणून तो तिच्याबरोबर लग्नालग्नांत हिंडला आणि ते सगळे गाणे त्याला पाठ झाले. पुरुष धवला म्हणत नाहीत. गावातले लोक त्याला चिडवत, "धवलारीण, कवा येतंस आमच्या मांडवात?" तो पलटणीत गेला त्यामागे हे चिडवणेही थोडे असावे, असे युसूफभाईंचे मत होते.

धवल्यात दोन आवतने असतात. ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. पहिले आवतन देवांचे आणि मेलेल्यांचे. घरातली जी माणसे गेली त्यांना एकेकाचे नाव घेऊन मांडवात बोलवायचे. म्हातारा असो की बाळपणी गेलेले पोर, कोणी वगळायचे नाही. वगळलेला माणूस मांडवाबाहेर उभा राहतो अशी समजूत होती. दुसरे आवतन जित्यांचे. मामा, काका, भाऊ अशा क्रमाने नावे येतात. ज्याचे नाव येईल त्याने 'हाय' म्हणून उठायचे. एखादा दूर असेल, होडीवर गेला असेल, तर ज्याला त्याची शेवटची खबर असेल त्याने त्याच्या वतीने 'वाटंवर हाय' म्हणायचे. तेवढे उत्तर मिळाल्याशिवाय धवलारीण पुढचे नाव घेत नाही. मेलेल्याला जित्यांत बोलावणे हा अपमान. जित्याला मेलेल्यांत बोलावणे म्हणजे त्याला मारणे.

कार्तिकाच्या शेवटी तार आली. तिच्यात जोमा बेपत्ता असल्याचे लिहिले होते.

तार मीच वाचली. नागूबाईने 'बेपत्ता' म्हणजे काय ते विचारले, मी सांगितले: कुठे आहे ते माहीत नाही. ती म्हणाली, ते तिलाही माहीत नाही, तो आहे का ते सांगा. मी सांगितले की तारेत तेवढेच आहे. तिने तारेची घडी घालून कनवटीला लावली. मग पाटी उचलून गेली. त्यानंतर ती रोजच येऊ लागली. सुकट विकायला नव्हे, रेडिओ ऐकायला. बातम्यांची भाषा तिला कळत नसे. बातम्या संपल्या की युसूफभाई बाहेर येऊन तिला दोन वाक्यांत सांगत. "नागूबाय, आज कैद्यांची नावं नाहीत. इन्शाल्ला उद्या." ती मान हलवून उठे.

ताराचे लग्न माघात ठरलेले होते, जोमाच्या रजेचा अंदाज घेऊनच. ते पुढे ढकलावे असे गावातल्या काहींनी सुचवले. नवऱ्या मुलाकडचे तयारही होते. नागूबाईने नकार दिला. लग्न पुढे ढकलले तर जोमाचे काही झाले असे आपणच म्हटल्यासारखे होईल, असे तिचे म्हणणे होते. दुसऱ्या धवलारणीला बोलावू असेही कोणी म्हणाले. त्या भागात दुसरी नव्हती.

लढाई थांबली होती, तरी गावकीने ठराव केला की या हंगामात लग्नांना वाजंत्री लावायची नाही. सनई नाही, ढोल नाही, पनवेलचा बँड नाही. मी ठरावाची बातमी दिली. शीर्षक 'खेड्यातील अनुकरणीय संयम' असे होते. त्या संयमाचा एक परिणाम मी बातमीत लिहिला नाही, कारण तो मला माघापर्यंत कळला नव्हता. एरवी मांडवाबाहेर बँड वाजत असताना आतला धवला कोणाला नीट ऐकू येत नसे. नावे ढोलाखाली दबून जात. त्या वर्षी मांडवात फक्त बायकांचे आवाज होते. प्रत्येक नाव शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचत होते.

पौषात एका दुपारी रेडिओवर जवानांनी म्हटलेल्या लोकगीतांचा कार्यक्रम लागला. दर आठवड्याला लागे. निवेदिका जिल्ह्याचे नाव सांगे, माणसाचे सांगत नसे. दोन गाणी झाली आणि ती म्हणाली, आता कुलाबा जिल्ह्यातील एक जवान. मी बाकावर होतो. युसूफभाई चाकात आरे बसवत होते. नागूबाई पायरीवर होती.

आवाज सुरू झाला आणि ती उठून उभी राहिली. पुरुषाच्या आवाजात धवला होता. हळद लावायचा भाग. ढोलकी जरा मागे पडत होती. अर्ध्यावर ती मोठ्याने म्हणाली, "मागची वल आंदी घेतली मेल्यानं. सतरांदा सांगला व्हता."

बाजारात आलेल्या त्यांच्या गावच्या दोघी-तिघी धावत आल्या. त्यांनाही ती ओळ ठाऊक होती, आणि ती आधी कोण घेतो हेही. एक बाई रेडिओच्या जाळीला हात लावून रडू लागली. युसूफभाईंनी चाक खाली ठेवले, गल्ल्यातून हात पुसायचे फडके काढून डोळे पुसले, मग त्याला तेलाचा डाग आहे हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी शेजारच्या हलवायाकडून पेढे आणवले. नागूबाईने पेढा हातात धरला, खाल्ला नाही, पदराला बांधला. ताराला नेते म्हणाली.

मी चार ओळींची बातमी लिहिली. 'बेपत्ता जवानाचा आवाज रेडिओवर. उलवे परिसरातील जवानाचा आवाज त्याच्या मातेने ओळखला. कुटुंबात आनंदाचे वातावरण.' पाकीट दुपारच्या गाडीने गेले. तिसऱ्या दिवशी ती छापून आली आणि युसूफभाईंनी अंक दुकानाच्या दारावर चिकटवला. दुरुस्तीला आलेला प्रत्येक माणूस ती वाचे. बाजारातून बातमी गावागावांत गेली: नागूबाईचा जोमा सापडला, पेपरात आलंय.

बातमीतली तिन्ही विधाने खरी होती. आज मी ती पुन्हा तपासली तरी त्यांत चूक काढू शकणार नाही. फक्त, हे गाणे कधी म्हटले गेले हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. वार्ताहराने विचारायचा पहिला प्रश्न 'कधी'. उमेदवारीत मला हे शिकवले होते. रेडिओवर लागते ते आत्ता चाललेले असते असे पाड्यातल्या लोकांना वाटणे साहजिक होते. मला तसे वाटत नव्हते. गाणी फितीवर घेऊन ठेवतात हे मी पाहिलेले होते. पण त्या दुपारी दुकानात जो आनंद होता त्यात तो प्रश्न काढणारा मी कोण, असे मनात आले आणि मी तो काढला नाही.

अंक छापून आल्यावर मात्र झोप लागेना, म्हणून रेडिओ केंद्राला पत्र टाकले. उत्तर कार्डावर आले, लग्नाला चार दिवस असताना. कळवले होते की सदर ध्वनिमुद्रण गणपतीच्या दिवसांत, पलटण वर जाण्यापूर्वी, छावणीत करण्यात आले होते.

कार्ड खिशात घालून मी पाड्यावर गेलो. ओहोटी होती, वाट कोरडी होती. अंगणात मांडवाचे बांबू रोवून झाले होते, आंब्याचे टाळे बांधायचे राहिले होते. तारा ओटीवर तांदूळ निवडत होती. मला पाहून ती आत गेली आणि गूळपाणी घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला मी बातमीत 'आनंदाचे वातावरण' म्हटले होते.

नागूबाई मागच्या दारी होती. तिने हात धुतले, समोर बसली आणि सरळ विषयावर आली. मेलेल्यांच्या आवतनात तिच्या नवऱ्याचे नाव शेवटचे येते. त्यापुढे जोमाचे नाव घ्यायचे की नाही, हे तिला ठरवायचे होते. गाव म्हणते जिता आहे. पण गावाला काय कळते. तिने माझ्याकडे पाहिले.

"भाऊ, तुमी पेपरात लिवलाव ता खरा हाय ना?"

मी म्हणालो, "बातमी खरी आहे. आवाज जोमाचाच आहे."

तिने मान हलवली. पुढचा प्रश्न तिने विचारला नाही, आणि मी थांबलो तो तिने विचारावा म्हणून थांबलो असे आजही स्वतःला सांगतो. आतून ताराने विचारले, हळद वाटायला आजच घ्यायची का. नागूबाई उठली. मी गूळपाण्याचा तांब्या जागेवर ठेवला आणि परत निघालो.

लग्नाला पनवेलहून युसूफभाई आणि मी गेलो. दुपारचे ऊन मांडवातून गळत होते. वाजंत्री नव्हती, त्यामुळे माणसेही हळू बोलत होती. नागूबाई मांडवाच्या मधोमध बसली, मागे बायका. तिने देवांना बोलावले, मग घरातल्या मेलेल्यांना. सासरा, सासू, एक दीर, पाळण्यात गेलेली एक मुलगी, नवरा. नवऱ्याचे नाव घेऊन ती थांबली. श्वास घ्यायला थांबावे तेवढीच. मग तिने ते आवतन मिटवले.

दुसरे आवतन सुरू झाले. मामा उठला. चुलता उठला. मग भावाची ओळ आली आणि तिने जोमाचे नाव घेतले. बायकांनी ते उचलले. मांडवात कोणी उठले नाही. तिने ओळ दुसऱ्यांदा म्हटली. तिसऱ्यांदा म्हणताना ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्यामागोमाग सगळे. शेवटची खबर ज्याच्याकडे त्याने बोलायचे. खबर पेपरात आली होती, पेपर मी लिहिला होता. युसूफभाईंनी कोपराने हळूच ढोसले, "बोला ना."

मी म्हणालो, "वाटेवर आहे."

त्यांच्या बोलीत नाही, माझ्या बोलीत. तेवढे पुरले. ओळ पुढे गेली.

गाण्याने माणूस मरतो किंवा जगतो असे मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. पण त्या मांडवात बसलेल्या दीडदोनशे माणसांत मी एकटाच तसे न मानणारा होतो, आणि उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली. त्यांच्यापैकी कोणाकडे ते कार्ड असते तर त्याने ते शब्द उच्चारले नसते, कारण त्याला त्यांची किंमत माहीत असती. मला ते फार स्वस्तात उच्चारता आले.

गेल्या काही वर्षांत उलव्याच्या नव्या हॉलांतली लग्ने पाहिली. काही घरे अजून धवलारीण बोलावतात. तिला माईक देतात, पेट्यांचा आवाज दहा मिनिटे बंद करतात, कॅमेरावाला तिला जरा डावीकडे सरकायला सांगतो. ती भराभर नावे घेते. 'हाय' म्हणून कोणी उठत नाही; माणसे जेवणाच्या रांगेत असतात. मला त्याचे वाईट वाटत नाही. उलट सुटल्यासारखे वाटते, की आता कोणाला कोणाच्या वतीने उत्तर द्यावे लागत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात कैदी परत येऊ लागले. रेडिओवर त्यांचीही गाणी झाली, स्टेशनांवर बँड वाजले, मीही त्या बातम्या दिल्या. नागूबाई पायरीवर बसून होती. साताऱ्याचा तो हवालदार परत आला. त्याने पत्र लिहिले. ते पत्र मी वाचले: जोमा पहिल्याच दिवशी, सकाळी, बर्फात. त्याने स्वतः पाहिले होते. मागाहून सरकारी कागद आला. पहिला दिवस म्हणजे दिवाळीच्या आधीचा. ताराच्या मांडवात मी बोललो तेव्हा त्याला जाऊन तीन महिने होऊन गेले होते.

पत्र वाचून झाल्यावर युसूफभाई दुकानात गेले आणि त्यांनी रेडिओ बंद केला. मी खिशातून कार्ड काढले. ते मी तोवर रोज बरोबर बाळगत होतो, याचे कारण मला सांगता येणार नाही. मी नागूबाईला वाचून दाखवले, आणि ते माझ्याकडे केव्हापासून होते तेही सांगितले.

ती रागावेल असे वाटले होते. तिने कार्ड पुन्हा वाचायला लावले. 'गणपतीच्या दिवसांत' यावर ती थांबली.

"मंजे गायला तवा जिता व्हता."

"हो."

"आनि ताराच्या लग्नात नवता."

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमी सांगला ता खोटा नवता, भाऊ. मीच कमी इचारला. मना भ्या वाटला." मग, कोणाला उद्देशून नव्हे अशी, ती म्हणाली, "मांडवाच्या भायेर उबा रायला असंल तो. सगल्यांना आत घेतला. त्याला कोनी बोलावला नाय."

युसूफभाई म्हणाले, पुढच्या लग्नात बोलाव. ते बोलल्यावर त्यांनाच कळले. त्या घरात पुढचे लग्न नव्हते. तारा शेवटची. घरातले मेलेले फक्त घरातल्याच लग्नात बोलावले जातात, आणि त्या घरात आता नागूबाई एकटी होती. तिला सगळ्या गावांच्या मेलेल्यांची नावे पाठ होती. स्वतःच्या मुलाचे नाव घ्यायला तिला मांडव उरला नव्हता.

पावसाळ्यात ती बाजारात आली नाही. लोक म्हणाले, आता ती धवला सोडणार. हंगाम तोंडावर आला तसे ठरलेल्या लग्नांच्या घरचे लोक काळजीत पडले, आणि एकदोघांनी मला येऊन विचारलेही, जणू तिची खबर अजून माझ्याकडेच होती.

त्या हंगामातले पहिले लग्न जासईला होते, पदाजी नावाच्या म्हाताऱ्याच्या घरी, त्याच्या नातीचे. मला आमंत्रण होते. नागूबाई येणार की नाही हे सकाळपर्यंत कोणाला माहीत नव्हते. ती चालत आली, एकटी. वाजंत्रीवरचा ठराव उठला होता. बँड आलेला होता, सुताराच्या वखारीपाशी बसून पितळ पुसत होता. नागूबाईने पदाजीला सांगितले की आवतन होईपर्यंत त्यांना वाजवू देऊ नका. पदाजीने तसे सांगून पाठवले.

मी मांडवाच्या तोंडाशी बसलो होतो, उशिरा आलेल्या पुरुषांच्या रांगेत. तिथे बसणाऱ्यांना एक रीत पाळावी लागते हे मला तोवर माहीत नव्हते. पहिले आवतन सुरू झाले की प्रत्येक नावाला शेजारचे लोक पाय आवरून घेत होते. येणाऱ्याला वाट द्यायची असते.

नागूबाईचा आवाज थोडा खाली बसला होता. तिने देव घेतले, पदाजीचा बाप घेतला, आई, दोन भाऊ, एक सून. पदाजीच्या घरातली नावे संपली. बायका आवतन मिटवायच्या ओळीसाठी थांबल्या. नागूबाईने ती ओळ घेतली नाही. तिने आणखी एक नाव घेतले. जोमा.

मागून कोणी ते उचलले नाही. ते नाव त्या घरातले नव्हते. परक्या घरचा मेलेला माणूस लग्नाच्या मांडवात आणणे म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. नवरीच्या आईने पदाजीकडे पाहिले. नागूबाईने डोळे मिटले होते. तिने नाव पुन्हा घेतले, आणि पुन्हा ती एकटीच होती. बँडवाल्यांपैकी कोणाच्या तरी हातातली झांज खाली ठेवल्याचा आवाज आला.

पदाजी बाजेवरून उठला. तो वयाने ऐंशीच्या घरात असावा, पण पाठ ताठ होती. तो नागूबाईपर्यंत गेला नाही. जागेवरूनच म्हणाला, "गा, नागू. आमचाच हाय तो." आणि बायकांकडे वळून, "घ्या ना गो. तोंडान काय धरलंव?"

बायकांनी नाव उचलले.

माझ्या उजवीकडच्या माणसाने गुडघे छातीशी ओढले. डावीकडच्याने मांडी मोडून पाय मागे घेतला. मांडवाच्या तोंडाशी हातभर जागा झाली. तेवढ्या वाटेत आता फक्त माझेच पाय होते. मी ते जवळ घेतले.